बॅकअप प्रोग्राम कॉन्फिग फाईल मानतच नाही (बॉर्गमॅटिक, पण इतरांचे अनुभवही चालतील)

फाईलवेडा – सोम, रात्री १०:५२

मंडळी, डोकं बाद झालंय.

घरच्या लिनक्स सर्व्हरचा बॅकअप बॉर्गमॅटिकने घेतो. माहीत नसेल त्यांच्यासाठी: बॉर्ग हा मूळ प्रोग्राम, तो डेटाचे तुकडे करून सारखे तुकडे एकदाच साठवतो. बॉर्गमॅटिक हा त्याच्यावरचा रॅपर. लांबलचक कमांड लिहिण्याऐवजी सगळं एका यामल फाईलीत (सेटिंग लिहायची मजकूर फाईल, हीच शीर्षकातली कॉन्फिग) लिहायचं. तर ही यामल फाईल गेले काही आठवडे तो सरळ धाब्यावर बसवतोय.

कॅश आणि थंबनेलची फोल्डरं एक्सक्लूड पॅटर्न्समध्ये (वगळायच्या यादीत) टाकली आहेत, तरी प्रत्येक अर्काइव्हमध्ये, म्हणजे एकेका वेळच्या बॅकअपमध्ये, हजर. कीप डेली ७ (रोजचं एक, असे सात दिवस ठेव) लिहिलंय, तरी जुनी अर्काइव्हं जागची हलत नाहीत. कॉम्प्रेशनची पद्धत एलझेड४ वरून झेडएसटीडी केली, तर व्हर्बोसिटी २ च्या (सविस्तर) लॉगमध्ये बॉर्गला अजून एलझेड४च दिलेलं दिसतं.

फाईल वैध आहे असं व्हॅलिडेट कमांड म्हणते. स्पेलिंग, इंडेंटेशन, सगळं तपासून झालं. आणि वेड लावणारी गोष्ट म्हणजे कधीतरी जुना, विसरून गेलेला बदल अचानक लागू झालेला दिसतो! कोणाला काही सुचतंय का?

खाटखूट – सोम, रात्री ११:१५

पहिला संशय नेहमी युजरवर. तुम्ही फाईल स्वतःच्या होममधल्या डॉट कॉन्फिग फोल्डरात ठेवली असेल आणि शेड्यूल चालतंय रूटच्या, म्हणजे मुख्य अ‍ॅडमिनच्या, नावाने. रूटचं होम वेगळं, त्यामुळे तो स्वतःच्या घरात शोधणार.

आरक्लोनवाल्यांचा (हा फाईली दूरच्या जागी, म्हणजे 'रिमोट'वर, पाठवणारा प्रोग्राम) हा रोजचा रडका प्रश्न आहे. टर्मिनलवर सगळं छान, सुडो लावलं (रूटच्या अधिकाराने चालवलं) किंवा क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) चालवलं की 'कॉन्फिग फाईल सापडली नाही, डीफॉल्ट वापरतोय' अशी एक ओळ आणि मग रिमोटच ओळखत नाही. आरक्लोनला निदान थेट विचारता येतं. 'आरक्लोन कॉन्फिग फाईल' ही कमांड द्या, तो कुठली फाईल धरतोय तो पूर्ण पाथ छापतो. मात्र ज्या युजरने शेड्यूल चालतं त्याच युजरने विचारा, नाहीतर उत्तर बरोबर मिळूनही निरुपयोगी.

उबुंटूवर जुन्या सवयीने कोणी गोंधळू नये म्हणून: १९.१० पासून सुडो होम बदलून रूटचं करतं. त्याआधी ते तुमचंच होम ठेवायचं. म्हणजे जुन्या मशीनवर चालणारी स्क्रिप्ट नव्यावर वेगळी फाईल वाचू शकते, स्क्रिप्टमधलं एक अक्षर न बदलता.

फाईलवेडा – सोम, रात्री ११:२४

धन्यवाद, पण ते नाही. फाईल ईटीसीखालीच आहे, बॉर्गमॅटिकच्या फोल्डरात. होममध्ये दुसरी प्रत नाही, फाइंडने सगळी डिस्क शोधली. चालवतोही रूटच.

खिडकीवाला – मंगळ, सकाळी ७:४०

मी विंडोजवाला, त्यामुळे तुमच्या केसला उपयोग नाही, पण शीर्षकात इतरांना आमंत्रण आहे म्हणून लिहितो.

विंडोजमध्ये आधी एक्स्प्लोररच्या व्ह्यू मेनूत जाऊन एक्स्टेन्शन दाखवायला सांगा. नोटपॅडने केलेली 'कॉन्फिग डॉट यामल' खरं तर 'कॉन्फिग डॉट यामल डॉट टीएक्सटी' असते, आणि शेवटचं शेपूट विंडोज आपल्यापासून लपवतं.

दुसरं, सॉफ्टवेअर सर्व्हिस म्हणून चालत असेल आणि ती लोकल सिस्टम खात्यावर असेल, तर तिचं अ‍ॅपडेटा फोल्डर तुमचं नसतं. ते विंडोज, सिस्टम३२, कॉन्फिग, सिस्टमप्रोफाइल अशा तळघरात असतं. तिथे कोणी बघायला जात नाही.

तिसरं सगळ्यात खोडसाळ. जुना ३२ बिटचा प्रोग्राम प्रोग्राम फाइल्समधल्या स्वतःच्या फोल्डरात सेटिंग लिहू बघतो. अ‍ॅडमिन अधिकार नसतील तर व्हिस्टापासून विंडोज ते लिखाण गुपचूप व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात वळवतं. झालं काय, की तुम्ही प्रोग्राममधून बदल करता तो एका प्रतीत जातो आणि रात्री सर्व्हिस वाचते ती दुसरी प्रत. दोन्हीचं नाव एकच.

शून्य_एक – मंगळ, सकाळी ९:०५

म्हणून म्हणतो, खिडक्या बंद ठेवा.

खिडकीवाला – मंगळ, सकाळी ९:११

आणि तुमच्याकडे दारं उघडी असून फाईल दिसत नाहीये, त्याचं काय? :)

जुनी_टेप – मंगळ, दुपारी १:३०

धागाकर्ते, 'मानत नाही' या एका तक्रारीत तीन निरनिराळे रोग लपलेले असतात आणि तिन्हींची औषधं वेगळी आहेत. प्रोग्रामने ती फाईल उघडलीच नाही. किंवा उघडली, पण त्याला त्यात तुम्हाला दिसतं ते दिसलं नाही. किंवा नीट वाचली, पण त्या सेटिंगचा प्रत्यक्ष कामाशी संबंधच आला नाही. लोक पहिल्या रोगाची खात्री न करता दुसऱ्यावर रात्री घालवतात, स्पेस मोजत बसतात.

उघडली की नाही हे प्रोग्रामला विचारू नका, कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याला, विचारा. लिनक्सवर एसट्रेस (प्रोग्राम कर्नलकडे काय मागतो ते दाखवणारं साधन), एफ फ्लॅग लावून म्हणजे चाइल्ड प्रोसेसही दिसतील, आणि फक्त ओपनअ‍ॅट कॉल गाळून घ्या. ज्या ज्या पाथवर त्याने डोकावलं ते सगळे दिसतात, जिथे 'ईएनओईएनटी' आलं तिथे फाईल नव्हती. मॅकवर एफएस-युसेज, विंडोजवर प्रोसेस मॉनिटर आणि त्यात 'नेम नॉट फाउंड'चा फिल्टर. काही मिनिटांत वाद मिटतो.

दुसऱ्या रोगाचा माझा आवडता नमुना आरस्नॅपशॉट हा बॅकअप प्रोग्राम. तिथे सेटिंगचं नाव आणि किंमत यांच्यामध्ये टॅबच लागतो, स्पेस चालत नाही. यामलमध्ये बरोबर उलट, इंडेंटेशनला टॅब दिला की नापास. आणि आपले एडिटर टॅबचे स्पेस करून देण्यात इतके तत्पर की डोळ्यांना फरक कळत नाही. आरस्नॅपशॉटला 'कॉन्फिगटेस्ट' आहे, ते आधी चालवावं. विंडोजवर तयार करून आणलेल्या फाईलीत कॅरेज रिटर्न किंवा सुरुवातीचा बीओएम अशी न दिसणारी अक्षरं असतात. पॉवरशेल ५.१ मध्ये बाणाने फाईलीत लिहिलं तर ती यूटीएफ-१६ होते. हे सगळं एडिटरमध्ये निर्मळ दिसतं.

तिसऱ्याला बॅक्युला या बॅकअप प्रोग्रामचं उदाहरण. पूलमधला (व्हॉल्यूमच्या गटाचा) रिटेन्शन, म्हणजे बॅकअप किती काळ जपायचा ते, बदललात, डिरेक्टर रीलोड केला, फाईल बिनचूक वाचली गेली, तरी आधीच्या व्हॉल्यूमना जुनाच रिटेन्शन. कारण व्हॉल्यूम तयार झाला त्या वेळची किंमत कॅटलॉग डेटाबेसमध्ये नोंदली गेलेली असते. अपडेट कमांडने पूल आणि मग व्हॉल्यूम स्वतः अद्ययावत करावे लागतात. हे माहीत नसलेला माणूस जन्मभर कॉन्फिग फाईलच बघत बसेल.

तुमच्या केसमध्ये लॉगमध्ये एलझेड४ दिसतंय. म्हणजे निदान कॉम्प्रेशनपुरता तरी तिसरा रोग नाही. पहिला किंवा दुसरा.

निळाफोल्डर – मंगळ, दुपारी ३:१२

जुनी_टेप यांना +१. वाखू (वाचनखूण) साठवली.

शेड्यूल सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस चालवणारी यंत्रणा) टायमरने असेल तर आणखी दोन सापळे. तिच्या युनिटमध्ये, म्हणजे सर्व्हिसच्या फाईलीत, एन्व्हायर्नमेंटफाईलच्या (व्हेरिएबल देणाऱ्या फाईलीच्या) पाथआधी वजाचं चिन्ह असेल, तर ती फाईल नसल्यास सिस्टमडी चकार शब्द काढत नाही, पुढे जातं. बरेच जण कुठल्यातरी नमुन्यातून युनिट उचलतात आणि ते वजाचं चिन्ह कोणी बघत नाही. शिवाय ती फाईल शेल वाचत नाही, त्यामुळे आत 'एक्सपोर्ट' लिहिलं किंवा डॉलर लावून दुसरं व्हेरिएबल वापरलं तर त्याचा अर्थ लागत नाही.

दुसरं, प्रोटेक्टहोम. युनिटमध्ये ते ट्रू असेल तर सर्व्हिसला होम आणि रूटची फोल्डरं रिकामी दिसतात. परमिशन, मालक सगळं बरोबर असून फाईल 'नाही'. 'सिस्टमसीटीएल कॅट' करून पूर्ण युनिट, ड्रॉप-इनसकट बघा. आणि बदल केल्यावर डीमन-रीलोड.

नवशिक्या_२ – मंगळ, दुपारी ४:००

एवढं सगळं करण्यापेक्षा जीयूआय असलेलं सॉफ्टवेअर वापरलं तर? डुप्लिकाटी वगैरे. तिथे कॉन्फिग फाईलची भानगडच नाही ना.

खाटखूट – मंगळ, दुपारी ४:२१

भानगड आहेच, फक्त ती एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये बसलेली असते. डुप्लिकाटी ट्रेमधून चालवलं आणि नंतर सर्व्हिस केलं की केलेले जॉब 'गायब' झाले म्हणून लोक घाबरतात. गायब काही होत नाही, सर्व्हिस दुसऱ्या डेटा फोल्डरात स्वतःचा नवा डेटाबेस उघडून बसते. फ्लॅटपॅकवरच्या प्रोग्रामांचंही तसंच, त्यांचं कॉन्फिग होममधल्या डॉट व्हार, अ‍ॅप, मग प्रोग्रामचा आयडी अशा फोल्डरात. फाईल असो की खिडकी, रोग जुनी_टेप यांनी सांगितला तोच.

फाईलवेडा – मंगळ, रात्री ९:४५

एसट्रेस करून बघणार होतो, पण आत ते इन्स्टॉलच नाही, बॉर्गमॅटिक डॉकरच्या कंटेनरमध्ये (सर्व्हरमधल्या वेगळ्या बंदिस्त खोलीत) चालतो आणि कंटेनरच्या इमेजमध्ये फारच थोडी साधनं आहेत. टायमर नाही, कंटेनरमधला क्रॉन आहे. व्हॅलिडेटला शो फ्लॅग दिला (वाचलेली सेटिंग छापतो) तर त्यात मात्र एलझेड४ दिसलं! मग कॅट केलं (फाईल तशीच छापली) तर फाईलीत झेडएसटीडी. एकच फाईल, दोन उत्तरं?

सर्व्हरकाकू – मंगळ, रात्री ९:५३

थांबा थांबा. कंटेनर? हे पहिल्या पोस्टमध्ये नको होतं का सांगायला?

कॅट कुठे केलंत, होस्टवर (मूळ मशीनवर) की आत? आणि कंपोज फाईलीतली (कंटेनर कसा चालवायचा ते सांगणारी फाईल) व्हॉल्यूमची ओळ जशीच्या तशी सांगा. फोल्डर माउंट केलंय, म्हणजे आत दिसेल असं जोडलंय, की एकटी फाईल?

फाईलवेडा – मंगळ, रात्री १०:०२

कॅट होस्टवर. माउंट एकट्या कॉन्फिग डॉट यामलचं केलंय, आतल्या ईटीसीखालच्या त्याच जागी. बदल केल्यावर प्रत्येक वेळी कंपोज अप, डी फ्लॅगसह, करतो. कंटेनर आहे याने काय फरक पडतो, फाईल तर तीच आहे ना?

सर्व्हरकाकू – मंगळ, रात्री १०:३०

फाईल तीच नाही, नाव तेच आहे. एडिटर कुठला, विम ना?

होस्टवर त्या फाईलीला 'एलएस' आय फ्लॅगने चालवा, आयनोड क्रमांक (नावामागच्या खऱ्या फाईलीची ओळख) मिळेल. मग डॉकर एक्झेकने कंटेनरच्या आत जाऊन तेच करा. लिनक्स होस्टवर बाइंड माउंट असेल तर दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. तुमचे वेगळे येतील, पैजेवर सांगते.

कारण असं. एकट्या फाईलीचं बाइंड माउंट करताना कर्नल नावाला नाही, त्या क्षणीच्या आयनोडला धरतो. विम सेव्ह करताना बहुधा जुनी फाईल बाजूला सरकवतो, त्याच नावाने नवी लिहितो आणि जुनी काढून टाकतो. म्हणजे नवा आयनोड. दारावरची पाटी तीच, आत भाडेकरू नवा, आणि कंटेनर अजून जुन्या भाडेकरूशी बोलतोय. डिरेक्टरीतून नाव गेलं तरी माउंटने धरलेला असल्याने जुना आयनोड जिवंत राहतो. सेडचा आय फ्लॅगही असाच नवी फाईल करतो. नॅनो मात्र आहे त्याच फाईलीवर लिहितो, म्हणून नॅनोवाल्यांना हा त्रास होत नाही आणि ते 'माझ्याकडे तर चालतं' म्हणतात.

कंपोज अपचं म्हणाल, तर कंपोज फाईल बदललेली नसेल तर तो चालू कंटेनरला हात लावत नाही. तुम्ही यामल बदललीत, कंपोज फाईल नाही. त्याच्या दृष्टीने करण्यासारखं काही नव्हतंच.

आणि जुने बदल अचानक लागू का व्हायचे, तेही यातच आलं. सर्व्हर कधी रीबूट झाला की कंटेनर पुन्हा सुरू होताना माउंट नव्याने होतं, आणि त्या घडीला त्या नावाची जी फाईल असेल ती धरली जाते.

उपाय: एकटी फाईल नाही, तिचं फोल्डर माउंट करा. आत बॉर्गमॅटिक.डी हे फोल्डर आहे, त्यातल्या यामल फाईली तो आपोआप उचलतो. तोपर्यंत तात्पुरतं डॉकर रीस्टार्ट पुरे. विममध्ये बॅकअपकॉपी यस केलं (मग तोही आहे त्याच फाईलीवर लिहितो) तरी चालतं, पण उद्या दुसऱ्या एडिटरने उघडाल आणि पुन्हा इथेच याल.

शून्य_एक – मंगळ, रात्री १०:३४

काकू, दंडवत.

निळाफोल्डर – मंगळ, रात्री १०:४१

याच्याच जोडीला: डॉकरला व्ही फ्लॅगने अशी फाईल दिली जी होस्टवर नाहीच, तर तो त्या नावाचं रिकामं फोल्डर तयार करून माउंट करतो. मग 'कॉन्फिग डॉट यामल' हे फोल्डर! लांब रूपातला माउंट फ्लॅग वापरला तर एरर देतो, म्हणून मी तोच वापरतो.

फाईलवेडा – बुध, सकाळी ८:१०

आयनोड वेगळे निघाले. फोल्डर माउंट केलं, कंपोज अप केलं, लॉगमध्ये आता झेडएसटीडी. काकू, आभार मानावे तेवढे थोडे.

पण आनंद अर्धाच. कॅशची फोल्डरं अजूनही अर्काइव्हमध्ये येतायत. शो फ्लॅगने पाहिलं, एक्सक्लूड पॅटर्न्स नीट दिसतायत, म्हणजे फाईल वाचली जातेय. आता काय?

जुनी_टेप – बुध, सकाळी ११:२०

आता तुम्ही तिसऱ्या रोगात आलात. अभिनंदन, प्रगती आहे.

सोर्स डिरेक्टरीत काय लिहिलंय आणि एक्सक्लूडमध्ये काय, दोन ओळी द्या.

फाईलवेडा – बुध, सकाळी ११:४८

सोर्स: एमएनटी/सोर्स. एक्सक्लूड: होम/युजर/डॉट कॅश, होम/युजर/थंबनेल. दोन्हींच्या सुरुवातीला स्लॅश आहे.

जुनी_टेप – बुध, दुपारी १२:०५

उत्तर तुमच्याच ओळींत आहे. कंटेनरच्या आत होम/युजर नाहीच. तुमचं होम आत एमएनटी/सोर्स या नावाने येतं, तेव्हा बॉर्गला तेच पाथ दिसणार. एक्सक्लूड यादी आधीच्या, कंटेनर नसलेल्या सेटअपमधून आली असणार.

दोन वाटा. पाथ आतल्या जगाप्रमाणे लिहा, किंवा सुरुवात न बांधणारा पॅटर्न द्या: तारका, स्लॅश, डॉट कॅश. बॉर्गच्या नेहमीच्या शैलीत तारका स्लॅशलाही जुळते, त्यामुळे कितीही खोल असलं तरी पकडतो. पण मग प्रत्येकच डॉट कॅश जाईल, तेवढं ध्यानात असू द्या.

लगेच बॅकअप घेऊ नका. क्रिएटला ड्राय-रन आणि लिस्ट फ्लॅग द्या. वगळलेल्या ओळींच्या सुरुवातीला एक्स दिसतो.

वाचणाऱ्या इतरांसाठी: प्रत्येक प्रोग्रामचं पॅटर्नचं व्याकरण वेगळं आहे, एकाची यादी दुसऱ्याला देऊ नये. आरसिंकमध्ये सुरुवातीचा स्लॅश म्हणजे डिस्कचं मूळ नव्हे, ट्रान्सफरचं मूळ. आणि तिथे पहिला जुळलेला नियम जिंकतो, खालचे बघितलेच जात नाहीत. रेस्टिकच्या एक्सक्लूड फाईलीत टिल्डेचा अर्थ लागत नाही, डॉलर होम लिहावं लागतं. या यादीला अंत नाही, ज्याचा त्याने मॅन्युअलमधला तो एकच भाग तरी नीट वाचावा.

फाईलवेडा – बुध, रात्री १०:२०

ओळींपुढे एक्स आले! कॅश गेली.

राहिला रिटेन्शन. कीप डेली ७, शो मध्ये ७ दिसतंय. जुनं काही जात नाही. म्हणून क्रॉनची ओळ पण देतो, आता काही लपवत नाही: बॉर्गमॅटिक क्रिएट, व्हर्बोसिटी २.

खाटखूट – बुध, रात्री १०:२६

'क्रिएट' हा शब्द काढा.

नुसतं बॉर्गमॅटिक चालवलं तर तो क्रिएट (नवं अर्काइव्ह), प्रून (जुनी काढणं), कॉम्पॅक्ट (जागा मोकळी करणं), चेक (तपासणी) हे सगळं करतो. एखाद्या क्रियेचं नाव दिलंत की फक्त तीच. रिटेन्शन प्रूनची सेटिंग आहे आणि प्रून तुम्ही चालवतच नव्हता. आणि प्रून झाल्यावर डिस्कवर जागा दिसली नाही म्हणून परत इथे येऊ नका, बॉर्ग १.२ पासून जागा मोकळी होते ती कॉम्पॅक्टनंतर.

फाईलवेडा – बुध, रात्री ११:३८

अहो, आता भलतंच झालं. क्रॉनची ओळ बदलली, हाताने एकदा चालवून पाहिलं आणि मग अर्काइव्हची यादी काढली. यादीत फक्त आजचीच! बाकी सगळी उडाली? प्रूनने सगळं खाल्लं का? कीप डेली ७ असताना?? कोणी जागं आहे का?

सर्व्हरकाकू – बुध, रात्री ११:४४

जागी आहे. काही उडालेलं नसणार. आता कशालाही हात लावू नका, विशेषतः कॉम्पॅक्ट नको. बॉर्गमॅटिक बाजूला ठेवून थेट 'बॉर्ग लिस्ट' रिपॉझिटरीवर (जिथे सगळी अर्काइव्हं साठतात) चालवा आणि नावं बघा.

फाईलवेडा – बुध, रात्री ११:५१

हुश्श. सगळी आहेत. पण नावं विचित्र आहेत: एक गट एका अगम्य अंक-अक्षरांनी सुरू होतो, दुसरा गट दुसऱ्याच, आणि आजची तिसऱ्याच.

सर्व्हरकाकू – गुरु, रात्री १२:१५

ती अगम्य अक्षरं म्हणजे कंटेनरचे आयडी.

बॉर्गमॅटिक अर्काइव्हला नाव देतो ते आधी होस्टनेम (मशीनचं नाव), मग वेळ. आणि यादी, प्रून वगैरे करताना तो याच नावाच्या साच्यात बसणारी अर्काइव्हं तेवढीच 'आपली' मानतो. एका रिपॉझिटरीत अनेक मशीन असतील तर एकाने दुसऱ्याची उडवू नयेत म्हणून ही सोय, आणि ती चांगली आहे. पण डॉकरमध्ये होस्टनेम ठरवून दिलं नसेल तर ते कंटेनरच्या आयडीची पहिली १२ अक्षरं होतं. बुधवारी सकाळी तुम्ही माउंट बदललंत, म्हणजे कंपोज फाईल बदलली, म्हणून यावेळी अपने खरोखरच नवा कंटेनर घडवला. नवा आयडी, नवं होस्टनेम, आणि आधीची सगळी अर्काइव्हं परक्याची. त्याआधीही कधीतरी इमेज अपडेट केली असणार, तो दुसरा गट.

म्हणजे आधीपासून प्रून चालवत असतात तरी प्रत्येक अपडेटनंतर मागची अनाथ राहिलीच असती.

कंपोज फाईलीत होस्टनेम ही एक ओळ घाला आणि मग ती कधी बदलू नका. जुन्या गटांसाठी थेट बॉर्ग प्रून, अर्काइव्ह ग्लॉबमध्ये (नावाच्या नमुन्यात) जुना आयडी, पुढे वजाचं चिन्ह आणि तारका. आधी ड्राय-रन आणि लिस्ट. एक लक्षात घ्या: कीप डेली ७ हे त्या गटापुरतं मोजलं जाईल, म्हणजे प्रत्येक जुन्या गटातली शेवटच्या ७ दिवसांची तरीही उरतील. नको असतील तर ती नंतर नाव घेऊन डिलीट. नुसती तारका देऊन सगळ्यांवर एकत्र प्रून करण्याचा मोह होईल, पण रिपॉझिटरीत दुसऱ्या कुठल्या मशीनचं काही असेल तर ते करू नका.

शून्य_एक – गुरु, सकाळी ९:३०

चार कारणं, चारही वेगळी, आणि चारही वेळा फाईल वैधच. तिला सोडून द्या आता.

फाईलवेडा – गुरु, रात्री ९:१५

होस्टनेमची ओळ घातली. ड्राय-रनमध्ये 'काढलं असतं' आणि 'ठेवतोय' अशा ओळी गटागटाने वाचल्या, दुसऱ्या मशीनचं काही नव्हतं. मग खरंच प्रून, शेवटी कॉम्पॅक्ट. जागा सुटली. आज यामलमध्ये विमनेच एक किरकोळ बदल केला आणि आत शो मध्ये तो लगेच दिसला.

नवशिक्या_२ – गुरु, रात्री १०:०५

कुबरनेटिसमध्ये (कंटेनर सांभाळणारी यंत्रणा, कंटेनर तिथे 'पॉड'मध्ये चालतात) पण आयनोडचा हा त्रास आहे का? आमच्याकडे बॅकअपचं कॉन्फिग कॉन्फिगमॅपमध्ये (तिथली सेटिंग ठेवायची जागा) आहे आणि सबपाथ वापरून एकच फाईल माउंट केली आहे. बदल पॉडमध्ये दिसत नाहीत.

सर्व्हरकाकू – गुरु, रात्री १०:१२

आतली यंत्रणा वेगळी, अनुभव तोच. सबपाथने माउंट केलेल्या कॉन्फिगमॅपला अपडेट पोचत नाहीत, हे त्यांच्या दस्तऐवजातच लिहिलंय. सबपाथ काढून पूर्ण फोल्डर माउंट करा, मग थोड्या वेळाने बदल आपोआप आत येतो. तेही नको असेल तर बदल केल्यावर पॉड रीस्टार्ट.